‘नो सूनर… दॅन’ ही नकारार्थी रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत ‘नो सूनर… दॅन’ ही रचना बहुतेकांना एखाद्या सूत्रासारखी शिकवली जाते, म्हणजे ‘ॲज सून ॲज’ खोडायचे, ‘नो सूनर डिड’ लिहायचे, स्वल्पविरामाच्या जागी ‘दॅन’ घालायचे. परीक्षेपुरते हे सूत्र चालते. पुढे कधी पत्रात किंवा लेखात स्वतःचे वाक्य लिहायची वेळ आली, की मात्र ते अर्धेमुर्धे आठवते आणि ‘डिड’, ‘हॅड’, ‘व्हेन’, ‘दॅन’ यांची सरमिसळ होते. म्हणून पुढील उत्तरांत नियमाबरोबर त्यामागचे कारणही सांगितले आहे. कारण कळले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

‘नो सूनर… दॅन’चा नेमका अर्थ काय?

एक घटना घडते न घडते तोच दुसरी घडली, हा या रचनेचा अर्थ. ‘नो सूनर डिड आय रीच होम दॅन द फोन रँग’ म्हणजे ‘मी घरी पोहोचतो न पोहोचतो तोच फोन वाजला’. शब्दांची फोड केली तर अर्थ आणखी स्पष्ट होतो. ‘सून’ म्हणजे लवकर, ‘सूनर’ म्हणजे अधिक लवकर, आणि ‘नो सूनर दॅन’ म्हणजे ‘त्याहून जराही आधी नाही’. माझे पोहोचणे फोन वाजण्याच्या जराही आधीचे नव्हते, असे हे वाक्य सांगते. प्रत्यक्षात दोन घटनांमध्ये क्षणाचे अंतर असतेच. बोलणारा ते अंतर शून्य धरतो, आणि या किंचित अतिशयोक्तीतूनच वाक्याला वेग येतो.

जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘सून’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ ‘लवकरच’ असा नसून ‘ताबडतोब’ असा होता. ताबडतोब येतो म्हणणारी माणसे रेंगाळत गेली आणि त्यांच्याबरोबर शब्दाचा अर्थही रेंगाळला, असे म्हणायला हरकत नाही. ‘आलोच’ म्हणून अर्ध्या तासाने येणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

घटना तर घडलेली असते; मग या वाक्याला नकारार्थी का म्हणतात?

हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर मराठीतच सापडते. ‘मी घरात पाऊल ठेवले नाही तोच फोन वाजला’ हे वाक्य ऐकून कोणीही बोलणाऱ्याला ‘म्हणजे तू अजून दारातच उभा आहेस का?’ असे विचारणार नाही. वाक्यात ‘नाही’ आहे, तरीही पाऊल ठेवले गेले आहे हे आपल्याला कळते. ‘पोहोचतो न पोहोचतो तोच’ यातही ‘न’ आहेच. अगदी कमी वेळ दाखवण्यासाठी नकार वापरण्याची सवय आपल्या भाषेलाही आहे आणि इंग्रजीलाही. म्हणून ही रचना आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

फरक आहे तो नकार कुठे बसतो यात. मराठीत तो क्रियापदाला चिकटतो : ‘ठेवले नाही तोच’. इंग्रजीत तो क्रियापदाला न लागता ‘सूनर’ला लागतो. त्यामुळे मराठी वाक्य शब्दशः उचलून ‘आय डिड नॉट एंटर द हाउस…’ अशी सुरुवात केली, तर मी घरात शिरलोच नाही असा सरळ अर्थ होतो आणि पुढचे वाक्य लटकते. ‘नो सूनर डिड आय नॉट एंटर’ असा दुहेरी नकार घालणारेही भेटतात. पहिल्या भागात ‘नो’ एकदा आले की ‘नॉट’ला तिथे जागा नाही.

कर्त्याच्या आधी ‘डिड’ का येते?

इंग्रजीत एखादा नकारार्थी किंवा जवळजवळ नकारार्थी शब्दसमूह भर देण्यासाठी वाक्याच्या तोंडाशी आणला, की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. ‘नेव्हर हॅव आय सीन सच रेन’, ‘रेअरली डझ ही कम्प्लेन’, ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड यू साइन धिस’ ही त्याच नियमाची उदाहरणे. ‘नो सूनर’ त्याच पंगतीत बसते. सहायक क्रियापद मुळात नसेल तर प्रश्नार्थक वाक्यात करतो तेच करायचे, म्हणजे ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणायचे.

या सवयीचे मूळ जुने आहे. पूर्वी इंग्रजीच्या मुख्य वाक्यात क्रियापद बहुधा दुसऱ्या स्थानी बसत असे, मग पहिल्या स्थानी कर्ता असो की दुसरे काही. इंग्रजीच्या नात्यातल्या जर्मन आणि डच भाषांनी ही शिस्त आजही सांभाळली आहे. इंग्रजीने ती बहुतेक ठिकाणी सोडली, पण नकाराने सुरू होणाऱ्या वाक्यांत तिचा अवशेष राहिला. मराठीत शब्दक्रम बराच मोकळा असल्यामुळे ‘कधीच मी तिथे गेलो नाही’ आणि ‘मी तिथे कधीच गेलो नाही’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद शेवटी निमूट बसून राहते. म्हणूनच ‘नो सूनर आय रीच्ड होम’ ही चूक मराठी कानाला खटकत नाही, आणि म्हणूनच ती इतकी होते.

यावर एक सोपा उपाय आहे. आधी मनात प्रश्न तयार करावा : ‘डिड आय रीच होम?’ मग त्याच्या आधी ‘नो सूनर’ लावावे आणि प्रश्नचिन्ह काढून टाकावे. ‘डिड आय रीच्ड?’ असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्यामुळे ‘डिड’च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूप आपोआप येते आणि ‘नो सूनर डिड आय रीच्ड’ ही दुसरी नेहमीची चूकही टळते. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की ही उलटापालट फक्त पहिल्या भागात होते. ‘दॅन’नंतरचे वाक्य सरळ असते : ‘दॅन द फोन रँग’, ‘दॅन डिड द फोन रिंग’ असे नव्हे.

‘डिड’ लिहावे की ‘हॅड’?

दोन्ही बरोबर आहेत. ‘नो सूनर डिड आय रीच होम दॅन द फोन रँग’ आणि ‘नो सूनर हॅड आय रीच्ड होम दॅन द फोन रँग’ या वाक्यांच्या अर्थात जाणवण्याजोगा फरक नाही. ‘हॅड’ वापरल्यास पहिली घटना आधी पूर्ण झाल्याचे अधिक स्पष्ट होते आणि इंग्रजी गद्यात तोच प्रकार अधिक रुळलेला आहे. आपल्याकडच्या वर्गांत ‘डिड’चा पगडा आहे, कारण तिथे ही रचना ‘ॲज सून ॲज’चे रूपांतर म्हणून येते आणि मूळ वाक्य साध्या भूतकाळात असल्यामुळे काळ तसाच ठेवण्याकडे कल असतो.

‘हॅड’ घेतले तर क्रियापदाचे तिसरे रूप लागते, ‘डिड’ घेतले तर मूळ रूप. आणि ‘हॅड’ फक्त पहिल्या भागात. ‘नो सूनर हॅड आय रीच्ड होम दॅन द फोन हॅड रंग’ असे लिहिले तर आधी काय झाले आणि नंतर काय, हे सांगणारा फरकच पुसला जातो.

वाक्यात ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ असेल तर काय करावे?

तेच शब्द कर्त्याच्या आधी आणावेत. ‘डिड’ची गरज नाही. ‘ॲज सून ॲज द रिझल्ट्स वेअर डिक्लेअर्ड, द वेबसाइट क्रॅश्ड’ याचे रूप ‘नो सूनर वेअर द रिझल्ट्स डिक्लेअर्ड दॅन द वेबसाइट क्रॅश्ड’ असे होते. ‘नो सूनर डिड द रिझल्ट्स वेअर डिक्लेअर्ड’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. सूत्र पाठ केल्याचा तो पुरावा आहे.

‘दॅन’च्या जागी ‘व्हेन’ किंवा ‘देन’ चालेल का?

चालणार नाही, आणि का चालणार नाही हे ‘सूनर’ या शब्दातच आहे. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे. ‘टॉलर’, ‘बेटर’, ‘अर्लियर’ यांच्यानंतर जसे ‘दॅन’ येते, तसेच ‘सूनर’नंतरही येते. तुलना सुरू केली की ती ‘पेक्षा’ने पूर्ण करावी लागते, एवढाच हा नियम.

‘देन’ची चूक मात्र बहुतेक वेळा व्याकरणाची नसून कानाची असते. टी-एच-ए-एन आणि टी-एच-ई-एन या दोन्ही शब्दांचा उच्चार आपल्यापैकी पुष्कळ जण सारखाच ‘देन’ असा करतात, आणि त्यात अर्थही फसवा ठरतो : ‘मी घरी पोहोचलो, मग फोन वाजला’ यातल्या ‘मग’साठी ‘देन’ अगदी योग्य वाटते. लिहिताना अक्षरे तपासणे हाच यावर इलाज आहे. संगणकातील शुद्धलेखन तपासणी इथे फारशी कामाला येत नाही, कारण सुटा शब्द म्हणून दोन्ही शुद्धच असतात.

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजीत ‘नो सूनर… बट’ अशी रचनाही आढळते. जुने नाटक वाचताना ती दिसली तर गोंधळून जाऊ नये. आजच्या लेखनात मात्र ती वापरू नये.

मग ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ यांच्याबरोबर ‘व्हेन’ कसे चालते?

कारण ते तुलनेचे शब्द नाहीत. ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ आणि ‘बेअरली’ यांचा अर्थ ‘जेमतेम’ असा होतो. ‘हार्डली हॅड आय रीच्ड होम व्हेन द फोन रँग’ म्हणजे ‘मी जेमतेम घरी पोहोचलो होतो, तेव्हा फोन वाजला’. ‘जेमतेम’च्या जोडीला ‘तेव्हा’ शोभते, ‘पेक्षा’ शोभत नाही. म्हणून तिथे ‘व्हेन’ किंवा ‘बिफोर’. ‘हार्डली… दॅन’ ही रचना बोलण्यात आणि कधीकधी छापील मजकुरातही दिसते, पण काळजीपूर्वक लिहिणाऱ्याने ती टाळावी. कर्त्याआधी सहायक क्रियापद आणण्याचा नियम या तिन्ही शब्दांना लागू आहे, फक्त इथे ‘हॅड’च घ्यावे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : ‘हार्डली’ हे ‘हार्ड’चे क्रियाविशेषण समजून ‘ही वर्क्स हार्डली’ असे लिहिले, तर मेहनती माणसाची कुचंबणा होते. तो जवळजवळ काम करतच नाही, असा त्याचा अर्थ निघतो. अर्जातल्या शिफारशीत ही चूक महागात पडू शकते.

परीक्षेत ‘ॲज सून ॲज’चे रूपांतर करताना काय सांभाळावे?

दहावी-बारावीच्या इंग्रजीत वाक्यरूपांतराचा हा ठरलेला प्रकार आहे, आणि होकारार्थी वाक्य अर्थ न बदलता नकारार्थी करण्याच्या प्रश्नातही तो येतो. पहिली गोष्ट म्हणजे कोणत्या घटनेला ‘नो सूनर’ लागते हे ओळखणे. जी घटना आधी घडते, म्हणजेच ज्या उपवाक्यात ‘ॲज सून ॲज’ आहे, तिलाच ते लागते. ‘द चिल्ड्रन रॅन आउट ॲज सून ॲज द बेल रँग’ या वाक्यात मुले आधी लिहिली आहेत; पण घंटा आधी वाजली आहे. उत्तर ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट’ असे हवे. डावीकडून उजवीकडे यांत्रिकपणे लिहीत गेले, तर मुले आधी पळतात आणि घंटा मागून वाजते.

दुसरी गोष्ट, ‘ॲज सून ॲज’ पूर्ण काढावे. ‘नो सूनर’ आणि ‘ॲज सून ॲज’ एकाच वाक्यात नांदत नाहीत. तिसरी गोष्ट सर्वनामांची. ‘ॲज सून ॲज शी सॉ द स्नेक, मीना स्क्रीम्ड’ यात नाव दुसऱ्या भागात आहे. रूपांतरात ते पहिल्या भागात आणून ‘नो सूनर डिड मीना सी द स्नेक दॅन शी स्क्रीम्ड’ असे लिहिले तर वाक्य अधिक स्वच्छ वाचले जाते.

ही रचना भविष्यकाळात किंवा आज्ञार्थात वापरता येते का?

व्यवहारात नाही. ‘नो सूनर’ हे मुख्यतः घडून गेलेल्या गोष्टी सांगण्याचे साधन आहे. ‘तो आला की मला सांगा’ यासाठी ‘टेल मी ॲज सून ॲज ही कम्स’ हेच वाक्य योग्य. कार्यालयीन पत्रांत ‘नो सूनर यू रिसीव्ह द डॉक्युमेंट्स, प्लीज इन्फॉर्म अस’ अशी वाक्ये लिहिली जातात. त्यांत कर्त्याआधी क्रियापद नाही, ‘दॅन’ नाही, आणि विनंतीला ही रचना मुळात शोभतही नाही. ‘प्लीज इन्फॉर्म अस ॲज सून ॲज यू रिसीव्ह द डॉक्युमेंट्स’ एवढे पुरते.

‘ॲज सून ॲज’चीही एक खोच लक्षात ठेवावी. मराठीत पुढे घडायची गोष्ट सांगताना आपण ‘तो आला की सांगतो’ असे भूतकाळाचे रूप वापरतो, आणि त्यात काही वावगे नाही. इंग्रजीत अशा जागी वर्तमानकाळ लागतो : ‘ॲज सून ॲज ही कम्स’. मराठीच्या ओढीने ‘ही केम’ आणि तर्काच्या ओढीने ‘ही विल कम’, असे दोन्हीकडून घसरायला होते.

वर्तमानकाळात?

नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी चालते. ‘गाडी कर्जतला थांबते न थांबते तोच वडापाववाले हजर होतात’ याचे इंग्रजी ‘नो सूनर डझ द ट्रेन स्टॉप ॲट कर्जत दॅन द वडापाव सेलर्स अपिअर’ असे होईल.

‘नो सूनर’ नेहमी वाक्याच्या सुरुवातीलाच यावे लागते का?

नाही, आणि ही गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. ‘आय हॅड नो सूनर रीच्ड होम दॅन द फोन रँग’ हेही शुद्ध इंग्रजी आहे. इथे ‘नो सूनर’ वाक्याच्या मध्ये, म्हणजे ‘हॅड’ आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये बसले आहे. तोंडाशी नकार नाही, म्हणून शब्दांची उलटापालटही नाही. ज्यांना उलट क्रमाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ही रचना सोयीची आहे. आवाजही थोडा खालच्या पट्टीत राहतो, त्यामुळे साध्या निवेदनात ती अधिक सहज वाटते. परीक्षेत मात्र प्रश्नात जशी सुरुवात मागितली असेल तशीच करावी.

‘दॅन’च्या आधी स्वल्पविराम द्यावा का?

देऊ नये. तुलनेचे दोन भाग तोडायचे नसतात. ‘ॲज सून ॲज’चे उपवाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम असतो, रूपांतर करताना तोच नकळत उतरवला जातो.

‘नो सूनर दॅन फ्रायडे’ असे लिहिलेले दिसले. तिथेही ‘लगेच’ असाच अर्थ घ्यायचा का?

मुळीच नाही. इथे शब्दांचा सरळ, तुलनेचा अर्थ आहे. ‘द रिपोर्ट विल बी रेडी नो सूनर दॅन फ्रायडे’ म्हणजे अहवाल शुक्रवारच्या आधी तयार होणार नाही. शुक्रवारी होईल किंवा त्याहूनही उशिरा. ‘नो सूनर’ म्हणजे ‘ताबडतोब’ असे पाठ केलेला माणूस हे वाक्य वाचून शुक्रवारी सकाळीच अहवाल मागायला जाईल आणि हात हलवत परत येईल. याच्या नेमके उलट ‘नो लेटर दॅन फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारपर्यंत, त्यापुढे नाही. अशा वाक्यांत ‘नो अर्लियर दॅन’ लिहिले तर गैरसमजाला वाव राहत नाही, आणि माझ्या मते कामाच्या पत्रात तेच लिहावे.

‘पोहोचताच’ या एका शब्दासाठी इंग्रजीत एवढी लांबलचक रचना कशाला? काही सुटसुटीत नाही का?

आहे. ‘ऑन रीचिंग होम’ हे ‘पोहोचताच’च्या बरेच जवळ जाते. ‘ऑन रीचिंग होम, आय कॉल्ड माय मदर’ हे वाक्य थोडके आणि स्वच्छ आहे. पण त्याला एक अट आहे, आणि नेमकी तीच मराठीत नाही. मराठीत ‘मी घरी पोहोचताच फोन वाजला’ असे म्हणताना पोहोचणारा एक आणि वाजणारा दुसरा असला तरी चालते, कारण ‘-ताच’च्या रूपाला स्वतःचा वेगळा कर्ता ठेवता येतो. इंग्रजीत ‘ऑन रीचिंग’चा कर्ता पुढच्या वाक्याचा कर्ताच मानला जातो. त्यामुळे ‘ऑन रीचिंग होम, द फोन रँग’ असे लिहिले तर फोनच घरी पोहोचला असे होते. कर्ते वेगळे असतील तेव्हा ‘ॲज सून ॲज’, ‘द मोमेंट’ किंवा ‘नो सूनर’ यांपैकी काहीतरी घ्यावेच लागते. ‘द मोमेंट आय रीच्ड होम, द फोन रँग’ यात उलटापालट नाही, ‘दॅन’ नाही, आणि वेगही टिकतो.

बोलताना ही रचना वापरावी का?

रोजच्या बोलण्यात ती जड वाटते. दुकानात, फोनवर किंवा मुलाखतीत ‘ॲज सून ॲज’ आणि ‘द मोमेंट’ पुरेसे आहेत. ‘नो सूनर’ची खरी जागा लिहिलेल्या निवेदनात आहे, जिथे एका घटनेच्या पाठोपाठ दुसरी कोसळल्याचा परिणाम साधायचा असतो. तिथेही ती जपून वापरावी. एका पानात तीनदा ‘नो सूनर’ आले, तर वाचकाला गोष्ट दिसेनाशी होते आणि व्याकरणाचा तास आठवू लागतो.

याला अपवाद एकच, तो म्हणजे ‘नो सूनर सेड दॅन डन’. हा ठरीव वाक्प्रचार असल्यामुळे त्यात ‘डिड’, ‘हॅड’ काही शोधत बसू नये, आणि तो बोलण्यातही सहज खपतो. एखाद्याने सांगितलेले काम दुसऱ्याने तत्काळ उरकले, की तो वापरतात. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ ‘अवकाश’ची रचना येते : ‘आजीने चहा म्हणायचा अवकाश, नातीने आधण ठेवलेसुद्धा.’